मास्तरांनी देवाचं नाव घेतलं

भावोजींना तोंडात खिळे धरून काम करायची खोड. सोफ्याला कापड ठोकताना मूठभर बारीक खिळे गालात कोंबायचे आणि जिभेने एकेक ओठांवर आणून हातोडीखाली द्यायचा. आमच्या सोफ्याच्या कारखान्यात कापड कापणारे कटिंग मास्तर महाबिलंदर. नेमके तेव्हाच विचारायचे, "काय हो, तुमच्या देवाला कोणी बनवलं?" भावोजी डोळे वटारायचे, गाल रिकामा होईपर्यंत उत्तर मनात जुळवत बसायचे आणि मग सुटायचे. "हा सोफा आपोआप झाला का मास्तर? मग एवढं जग कसं आपोआप होईल?"

मी काडी लावायचो, "सोफा करणारा डोळ्यांना दिसतो, भावोजी. वर पगारवाढही मागतो."

मी आणि मास्तर पक्के नास्तिक, भावोजी एकटे ख्रिस्ती, पण माणूस इंचभर हटायचा नाही. पुरावा नाही म्हणून वस्तूच नाही, हे कुठलं शहाणपण, असं त्यांचं म्हणणं. "तुझ्या ताईचं माझ्यावर प्रेम आहे याला पुरावा काय? तरी संसार केलाच ना मी?"

"तिला दुसरं कोणी मिळालं नाही, हा पुरावा," मी म्हणायचो. ते खो खो हसायचे आणि घरी जाऊन ताईकडे माझी चुगली करायचे. ताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं.

ती ताई आता दवाखान्यात नळ्यांमध्ये पडून होती, शुद्ध नव्हती. भेटायला फक्त संध्याकाळी सोडत, म्हणून भावोजी दिवसभर कामावर यायचे. घर खायला उठतं म्हणायचे.

त्या सकाळी औषधं पोचवायला दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता काही हातात राहिलं नाही, म्हणाले, फार तर आजची रात्र. हे भावोजींना कुठल्या तोंडाने सांगू? मास्तरांच्या कानावर घातलं. संध्याकाळी भावोजी ताईला भेटून येईपर्यंत गप्प बसायचं, असं आमचं ठरलं. निदान दिवस तरी आशेवर काढू देत बिचाऱ्याला.

दुपारी भावोजी एका खुर्चीला कापड ठोकत होते. गालातले खिळे संपले तसे स्वतःच म्हणाले, "मास्तर, आज गप्प का? विचारा की तुमचा ठरलेला प्रश्न. देव चांगला, मग दुखणी कशाला देतो?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "जाऊ द्या हो. तुमचा देव आहे ना, तो बघेल सगळं."

"हो ना भावोजी," मी घाईघाईने री ओढली. "प्रार्थना करा. देव ऐकतो."

हातोडी थांबली. भावोजींनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक पडला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठे काय? काही नाही."

"इतकी वर्षं वाद घातलास, एक शब्द कधी मागे घेतला नाहीस. आज तुझ्या तोंडी देव आला म्हणजे माझी बायको चालली."

मी मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं. अर्धवट ठोकलेल्या त्या खुर्चीतच ते बसले. भेटीच्या वेळेला अजून अवकाश होता. जाणार तरी कुठे?

मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "भांड माझ्याशी. म्हण देव नाही. प्रार्थनेला बसतो रे, पण शब्दच सापडत नाहीत. तू उलटं बोललास की मला सुचतं. बोल ना."

मला रडू आवरेना. तरी बोललो. "देव नाही, भावोजी. असता तर ताईवर ही वेळ आणली नसती. तिने कोणाचं काय वाकडं केलं होतं?" बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मी वाद घालत नव्हतो, खरंच विचारत होतो. या माणसाने आज मला हरवावं, सपशेल हरवावं, नाक घासायला लावावं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं. मास्तरही हातातलं काम सोडून कान देऊन उभे होते.

"उत्तर द्या ना, भावोजी," मी म्हणालो.

ते उठले. डब्यातले मूठभर खिळे घेऊन त्यांनी तोंडात टाकले आणि उरलेलं कापड ठोकायला लागले.