मिरियामबाई काय म्हणाल्या होत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. प्वेर्तो रिकोचा विषय निघाला की मी माझ्या स्पॅनिशचे किस्से सांगते, लोक हसतात, आणि मी तिथेच थांबते. आज थांबणार नाही.

२००४ साली मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी एका कन्सल्टिंग कंपनीत होते. मूळची नागपूरची. पुण्यात इंजिनिअरिंग करताना हौस म्हणून स्पॅनिशच्या तीन परीक्षा दिल्या होत्या — त्या हौसेनेच मला प्वेर्तो रिकोच्या बेटावर नेलं. औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम नव्या सिस्टिमवर आणायचं होतं, आणि आमच्या टीममध्ये स्पॅनिश येणारी मी एकटीच. मीटिंगमध्ये कुणी काही बोललं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. आवडायचं मला ते. का नाही आवडणार? मी कामात चोख होते, आजही आहे.

गोदामातला साठा चोवीस वर्षं सांभाळत होत्या डोन्या मिरियाम. डोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. मी 'बस'साठी पुस्तकातला शब्द वापरला तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या — "इथे गुआगुआ म्हणायचं, मुली!" मी मांस खात नाही हे कळल्यावर दर गुरुवारी राजमा-भात आणायच्या. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात शिजवलेला, डुकराचं मांस न घातलेला. मी कधी मागितला नव्हता.

सोमवारी सिस्टिम सुरू होणार होती. आदल्या शुक्रवारी आमचा मॅनेजर शिरीष न्यू जर्सीहून आला — पुण्याचा, हुशार, सतत घाईतला. गोदामात आम्ही तिघंच होतो. मिरियामबाई एक खोकं आणि नव्या सिस्टिमचा कागद घेऊन आल्या आणि शांतपणे सांगू लागल्या. स्पेनहून येणाऱ्या औषधांवर आधी दिवस असतो, मग महिना. सिस्टिम ते अमेरिकन पद्धतीने उलट वाचतेय. नऊ मार्चला मुदत संपलेलं औषध तीन सप्टेंबरपर्यंत चांगलं दाखवतेय. हे दुरुस्त केल्याशिवाय सोमवारी सुरू करू नका.

मला तिथल्या तिथे कळलं — त्यांचं बरोबर होतं. जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये आणणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. चूक माझी.

"काय म्हणतायत त्या?" शिरीषने मराठीत विचारलं.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. सोमवार पुढे गेला असता, शिरीष वैतागला असता — आणखी काय झालं असतं? पण जिच्याकडे सगळे मान वळवून बघतात तिनेच चुकायचं? मला ते नको होतं.

"घाबरल्यात जरा नव्या सिस्टिमला," मी म्हणाले. "अजून ट्रेनिंग हवंय म्हणतायत."

"होईल सवय, यार. देऊ ट्रेनिंग," शिरीष म्हणाला आणि त्यांच्याकडे बघून हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, निरोप पोचला. त्यांनी मला "ग्रासियास" म्हणत धन्यवाद दिले.

शनिवार-रविवारी गुपचूप दुरुस्त करीन असं मी ठरवलं होतं. पण त्याच संध्याकाळी शिरीषने प्रोग्रॅममधले बदल बंद केले. काही बदलायचं तर त्याला कारण सांगून परवानगी घ्यायची. मी घेतली नाही.

सिस्टिम सुरू झाल्यावर दहा दिवसांनी मुलांच्या दम्याचं मुदत संपलेलं औषध एका दवाखान्यात पोचलं. तिथल्या नर्सने खोकं वाचलं, म्हणून कुठल्या मुलाला ते दिलं गेलं नाही. माल पाठवल्याच्या कागदावर सही मिरियामबाईंची होती — दुरुस्ती झाली असं समजून केलेली.

गोदामाच्या साहेबांनी आम्हाला दोघींना बोलावलं. मिरियामबाई अजिबात घाबरलेल्या नव्हत्या. "मी सिस्टिम सुरू होण्याआधीच्या शुक्रवारीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "हिला विचारा."

साहेबांनी विचारलं. आणि मी — स्वच्छ, बिनचूक स्पॅनिशमध्ये — म्हणाले, "नाही. त्यांनी फक्त ट्रेनिंग मागितलं होतं."

पहिलं खोटं निदान त्यांना न कळणाऱ्या भाषेत होतं. हे त्यांच्याच भाषेत, त्यांच्या तोंडावर. त्या वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्या पर्स उचलून बाहेर गेल्या.

त्याच दुपारी मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. त्याला 'सुधारणा' असं नाव दिलं. मिरियामबाईंना महिनाअखेर मुदतीआधीच निवृत्त व्हायला लावलं. शेवटच्या दिवशी त्या कपाट आवरायला आल्या तेव्हा मी तिथेच वाटेत उभी होते. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'आपण' वेगळं असतं. आठ महिने मी त्यांची 'तू' होते.

"आपण जरा बाजूला होता का?" त्या म्हणाल्या.

मी बाजूला झाले.

त्या वर्षी मला प्रमोशन मिळालं. हिच्या स्पॅनिशमुळे प्रोजेक्ट तरला, असं शिरीषने सगळ्यांना ईमेलमध्ये लिहिलं. तो ईमेल मी आईला फोनवर वाचून दाखवला, दोनदा. त्यानंतर दोन वर्षांनी कामासाठी मी परत त्या बेटावर गेले होते. मिरियामबाईंचं घर गोदामापासून वीस मिनिटांवर आहे, हे मला माहीत होतं. मी गेले नाही.

मिरियामबाईंनी चूक पकडली होती. वेळेत सांगितली होती, नीट सांगितली होती. आणि मला त्यातला शब्द न् शब्द समजला होता.