ब्रेकमास्तर आणि उताराची अट

पूर्ण नावाने त्यांना केवळ विजेचे बिल ओळखत असे. बाकी सर्वांचे ते ब्रेकमास्तर. आयुष्य चौऱ्याहत्तर वर्षे दोन महिने. त्यांपैकी एक्कावन्न वर्षे मोटारींखाली पाठीवर पडून गेली, आणि शेवटची सहा माझ्या शेजारच्या घरात, एकट्याने.

मास्तरांची स्वतःची गाडी त्यांच्याहून चारच वर्षांनी लहान होती. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीलगतच्या छपराखाली ती उभी असे. रविवारी ते तिला पुसत, काचा चढवत आणि पुन्हा उतरवत. ती कुठे जात नसे.

ब्रेकचे काम केलेल्या माणसाला ठाऊक असते की नळ्यांत अडकलेली हवा काढायला दोघे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करून हवा व तेल बाहेर सोडायचे आणि निपल आवळेपर्यंत पहिल्याने पाय उचलायचा नाही. मास्तरांकडे हे पेडल तीस वर्षे त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी सांभाळले. मांडीवर विणकाम घेऊन त्या बसत. चाकाकडून आज्ञा येई, "दाब. धर." आतून उत्तर जाई, "धरलंय." ते उत्तर ऐकल्याशिवाय मास्तरांचा पाना फिरत नसे. वहिनी गेल्या आणि मास्तरांनी ब्रेकची कामे घेणे बंद केले. विचारणाऱ्याला सांगत, "डोळे गेले." डोळे शाबूत होते. माझ्या घड्याळातली मिनिटे ते भिंतीपलीकडून वाचत.

त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राही. वडिलांनी आपल्याकडे यावे म्हणून तिने वर्षभर विनवण्या केल्या. मास्तरांचे म्हणणे एकच: "गाडी आली तर मी आलो." तिच्या इमारतीत जागा एकच शिल्लक होती, तीही उतारावर, आणि या गाडीचा हँडब्रेक केव्हाच नावापुरता उरला होता. इमारतीच्या सेक्रेटरींनी अट घातली: चाकाला दगडविटा न लावता, सकाळी दहा ते दुपारी चार, गाडी त्या उतारावर जागची न हलता उभी राहिली पाहिजे. मग परवानगी.

म्हणून मास्तरांनी ब्रेकच्या नळीला कुलूप बसवायचे ठरवले. हे कुलूप म्हणजे नळीच्या मध्ये बसणारा पितळी व्हॉल्व्ह. पेडल दाबून किल्ली फिरवली की चाकांकडे गेलेला दाब मागे परतत नाही आणि पाय काढला तरी ब्रेक लागलेले राहतात.

स्पेअर पार्टवाल्याने विचारले, "मास्तर, या वयात ही पळून जाईल अशी भीती वाटते होय?"

"पळत नाही ती. घसरते. तुझ्या जिभेसारखी."

काम दोन दिवस चालले. नळी कापणे, तोंडे फुलवणे, जोड आवळणे यांत त्यांचा हात पूर्वीसारखाच चालला. राहिली हवा. मुलीने फोनवर विचारले, "बाबा, पेडलवर कोण बसणार? बोलवा ना कुणाला तरी."

"आहे की."

"कोण?"

"कुलूप."

त्यांना वाटले होते की दाब धरून ठेवणारी वस्तू आपण बसवलीच आहे. दाबावे, किल्ली फिरवावी, उतरून चाकाशी जावे. परंतु कुलूप दाब केवळ धरते, मागून देत नाही. निपल उघडताच चमचाभर तेल उडे आणि उरलेली हवा नळीतच राही. भिंतीअलीकडे मी वर्तमानपत्र वाचत होतो. "दाब. धर," असे त्यांचे शब्द मला दोन्ही दिवस स्पष्ट ऐकू आले. मला वाटले, मुलगी आली असावी. बापलेकींच्या कामात आपण कशाला नाक खुपसा. म्हणून मी उठलो नाही.

नळीत हवा राहिल्याने पेडल मऊ राहिले. मऊ पेडलही चार-पाच वेळा भराभर दाबले की कडक लागते, पण तेवढ्यापुरतेच. या युक्तीवरून मास्तरांनी हाताखालच्या कित्येक मेकॅनिकांची हजेरी घेतली होती. परीक्षेच्या सकाळी उतारावर त्यांनी पेडल पाच वेळा दाबले आणि किल्ली फिरवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी वीतभर घसरून सेक्रेटरींच्या स्कूटरला टेकली. स्कूटर पडलीसुद्धा नाही.

"मास्तर, अहो, पोरं खेळतात इथे," सेक्रेटरी म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं."

"बाबा, पुन्हा करू या ना. कुणीतरी मदतीला घेऊन," मुलगी म्हणाली.

"ब्रेक नीट लागला नाही. आता त्यात बोलण्यासारखं काय आहे?" एवढे बोलून ते गाडी हळूहळू घरी घेऊन आले. वाटेत ती थांबवायला त्यांना प्रत्येक वेळी पेडल तीनदा दाबावे लागले, असे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितले. पुढच्या चाकाला लावायला माझ्या बागेच्या कडेची एक वीट मागून नेली. त्याच वेळी मी विचारले, "परवा मुलगी आली होती ना मदतीला?"

"नाही," ते म्हणाले, आणि विटेवरची माती झाडत राहिले.

त्यानंतर ते एक वर्ष आठ महिने जगले. मुलीकडे गेले नाहीत. पाना पुन्हा हातात घेतला नाही.

त्यांच्या मागे मुलगी एका मेकॅनिकला घेऊन आली. तो मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. ती पेडलवर बसली. पहिल्याच खेपेस तिने पाय लवकर उचलला.

"ताई, धरलंय म्हणून सांगत जा हो! त्याशिवाय मी पाना हलवत नाही. मास्तरांनी बदडलंय त्यासाठी."

"धरलंय," ती म्हणाली. चारी चाकांची हवा निघेपर्यंत ती तेच म्हणत होती. काम पाऊण तासात आटोपले.

गाडी त्या उतारावर दहा ते चार जागची न हलता उभी राहिली. सेक्रेटरींनी परवानगीचे पत्र दिले ते मास्तरांच्या नावाचे. अर्ज जुना होता. मी ते मुलीच्या नावाने दुरुस्त करून घेतले. वीट मला परत मिळाली आणि होती त्या जागी बसवली. त्या दोन दिवसांत भिंतीपलीकडून जी हाक येत होती, तिचे उत्तर मात्र माझ्याकडून द्यायचे राहिले आहे.