लोण्याचा बर्फ

गावात तोकोनला सगळे ‘बर्फाचा वैद्य’ म्हणत. त्यात निम्मी थट्टा, निम्मा मान. काराकोल शहराच्या वर डोंगरात हे गाव, जुन्या कोळसा खाणीचं. खाण बंद पडली तशी निम्मी घरं रिकामी झाली, तोकोन मात्र राहिला. उभा जन्म खाणीत वायरी जोडलेल्या या माणसानं आजोबांच्या शिकारीच्या स्की माळ्यावरून काढल्या आणि हिवाळाभर डोंगर पालथे घालू लागला. इथं यंत्रानं दाबलेली वाट नाही, तारेवरून वर नेणारा पाळणा नाही. स्कीच्या तळाला न घसरणारं कातडं बांधून आपल्या पायांनी चढायचं आणि कोऱ्या बर्फातून उतरायचं. त्यासाठी चांगली जागा हुडकावी ती तोकोननंच. काठी उलटी धरून बर्फात खुपसायची, हाताला थर कसे लागतात ते बघायचं, मग खड्डा खणायचा. तळाशी रव्यासारखा मोकळा बर्फ दिसला की म्हणायचा, “चला मागं. हा दगा देणार, घसरून अंगावर येणार.” पैसे देऊन स्की करायला आलेले पाहुणे रुसोत नाहीतर फुगोत, म्हातारा ऐकायचा नाही.

पण यंदा बर्फानं त्यालाच दगा दिला. जानेवारी उजाडला तरी नेहमीच्या उतारांवर गवत दिसत होतं, आणि जो काय पडला तो वाऱ्यानं झाडून नेला. तोकोन रोज सकाळी निघायचा आणि तोंड पाडून परत यायचा. घरात दारामागं मुलाची, एलामानची, बॅग भरून उभी होती. मागचा हिवाळाही असाच कोरडा गेला होता. एलामाननं सरळ सांगितलं होतं, “बाबा, परवा पाहुणे येतायत. त्यांनाही रिकामं पाठवावं लागलं तर मी आणि तुमची सून कामाला मॉस्कोला चाललो. कोरड्या डोंगराकडे बघून पोट भरत नाही.”

पोरगा खोटं कुठं बोलत होता? पण तो गेला की हे घर गेलं, एवढं म्हाताऱ्याला कळत होतं. त्या दिवशी जेवणात त्यानं नुसता चमचा फिरवला.

बायको बुरुल त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना. “अहो, मला विचारलंत का कधी?”

“तुला काय विचारायचं, म्हातारे? तू कधी स्की घातल्यास?”

“नाही घातल्या. पण बर्फ कुठं आहे ते ठाऊक आहे. ती हो, तुमच्या थोरल्यांची जागा. उन्हाळी कुरणाच्या मागची.”

“कुठल्या थोरल्यांची?”

“ज्यांचं नाव मी घ्यायचं नाही त्यांची!”

“अगं, माझ्या सगळ्याच काका-आजोबांची नावं तू घेत नाहीस! म्हातारी झालीस तरी कसली ही नव्या सुनेची लाज? घे की एकदा!”

“अजिबात घेणार नाही. घोड्यावर खोगीर घालते, चला मागनं.”

झालं! पुढं घोड्यावर बुरुल, मागं कुरकुरत तोकोन, आणि त्याच्या मागं ‘बघू तरी’ म्हणून एलामान. उन्हाळी कुरण ओलांडलं, डोंगराचा एक खांदा वळला, आणि तोकोन जागीच थांबला. समोर जुन्या देवदारांमधून रुंद, हलका उतार खाली आला होता. उत्तरेकडे तोंड, दिवसभर सावली, वारा डोंगराच्या पलीकडून जाणारा. एकाही झाडाची फांदी मोडलेली नव्हती, म्हणजे इथं बर्फ कधी कोसळला नव्हता. बर्फ गुडघाभर, भुसभुशीत.

“ही तर मामीरकाकांची जागा,” तो पुटपुटला.

“मग मी काय सांगत होते?”

तोकोननं एक नाही, तीन ठिकाणी खणलं. तळापर्यंत बर्फ एकसंध होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

“तुला कसं ठाऊक गं?”

“लोणी ठेवायचे ना मी इथं. तुम्ही खाणीत, मी मेंढ्या घेऊन वर. सगळीकडचा बर्फ संपला तरी या झाडांखाली भर उन्हाळ्यात राहायचा. लोण्याची पिशवी पुरून ठेवली की ताजी राहायची.” मग एलामानकडे हनुवटी करून म्हणाली, “आणि हा. वर्षाचा होता. तापानं असा फणफणला, की डोळे फिरवायला लागला. आसपास चिटपाखरू नाही. याला पाठीशी बांधलं आणि इथं पळत आले. ओढणीत बर्फ भरून कपाळावर, पोटावर ठेवत बसले. दुपार कलली तेव्हा डोळे उघडून दूध मागितलंन.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तुम्ही खाणीतून आलात तेव्हा हा कुत्र्याची शेपटी ओढत होता. काय सांगायचं?”

तोकोन बर्फात बसला तो बसलाच. इतके हिवाळे डोंगर धुंडाळला आणि घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारला नाही. लाज वाटली, पण त्याहून जास्त त्याचा ऊर भरून आला. टोपी काढून तो मुलासमोरच म्हणाला, “बुरुल, तुझे उपकार मी कसे फेडू?”

“आधी उठा. ओले व्हाल,” ती म्हणाली, पण तिनं तोंड घोड्याकडे फिरवलं होतं.

पाहुणे आले आणि दिवसभर मामीरकाकांच्या उतारावर खिदळत, पडत, पुन्हा चढत राहिले. संध्याकाळी लाल नाकं घेऊन सगळे जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानाभोवती जेवायला बसले. मांस झालं, कणकेचे तळलेले बोरसोक झाले. मग घरातला वडील म्हणून तोकोननं दुआ मागायला तळहात उघडले. दरवेळी तो सगळ्यांसाठी मिळून चार शब्द मागायचा. आज म्हणाला, “देवा, बर्फ दिलास, पोर राखलंस. आणि या दोन्हींच्या आधी मला ही बुरुल दिलीस. तिला आयुष्य दे. आमीन.”

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण त्याचं बघून त्यांनीही चेहऱ्यावरून हात फिरवले.

“पुरे हो, चहा गार होतोय,” बुरुल म्हणाली.

एलामान उठला. दारामागची बॅग त्यानं ओढून घेतली, आतले कपडे खाटेवर ओतले आणि तिच्यात उद्याचे पाव भरायला लागला. “आई,” त्यानं मान वर न करताच विचारलं, “उतारावर घेऊन जायला थोडं लोणीही देशील का?”