वारज्याच्या गच्चीवरची ताटली

आमच्या घरी अजूनही असा समज आहे की मोबाईलमधला आवाज निघतो तो थेट समोरच्याच्या कानात जातो. समजावून समजावून मी दमले. अहो, तुमचं ते यंत्र जेमतेम जवळच्या टॉवरपर्यंत बोलतं, पुढचं सगळं टॉवरनं बघायचं असतं! पुण्यात मोबाईल नवा होता तेव्हा रस्ता खणून केबल टाकायची परवानगी मिळेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. म्हणून टॉवरवर एक गोल ताटली बसवायची, तिचं तोंड लांबच्या दुसऱ्या ताटलीकडे करायचं, आणि मधल्या रिकाम्या हवेतून कितीतरी माणसांची बोलणी एकदम पाठवायची. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही. मी इंजिनिअर, सगळी गणितं पाठ, तरी पहिल्यांदा ते जमताना पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

फक्त दोन्ही ताटल्यांची तोंडं अगदी समोरासमोर हवीत. बोटभर फिरली की कामातून गेली.

वारजं तेव्हा अर्धं शेत आणि अर्धं बांधकाम होतं. एका शेतकरी कुटुंबाच्या नव्या कोऱ्या घराच्या गच्चीवर आमचा टॉवर उभा राहिला होता, आणि दुसरं टोक होतं नारायण पेठेत, एका इमारतीच्या गच्चीवर. तिथे माझा सहकारी वॉकीटॉकी घेऊन बसला होता, जन्मानं आणि जिभेनंही पेठेतलाच. इकडे खाली गच्चीवर मी, आणि वर टॉवरवर कमरेला पट्टा बांधून आमचा रिगर, म्हणजे ताटली बसवणारा गडी. हा वर्ध्याकडचा, तिशीतला. बोलायला मऊ, पण कामात महाहट्टी.

त्या दिवशी त्याला संध्याकाळी साडेपाचची गाडी गाठायची होती. त्याच्या धाकट्या बहिणीला बघून गेलेली मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायची होती. वडील नव्हते, घरात काकांचा शब्द चालायचा.

“मी पोचलो नाही तर काका सुपारी फोडून मोकळे होतील म्याडम,” तो सकाळीच मला म्हणाला होता. “अन् तिले अजून कोणी विचारलंच नाही, पोरगा पसंत हाये का म्हणून. मले विचारायचं हाये.”

“चारला तुला सोडलं,” मी म्हटलं. माझे स्वतःचे बघण्याचे कार्यक्रम त्याच वर्षी जोरात चालू होते, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागलं असेल.

कामाची पद्धत अशी. ताटलीमागच्या रेडिओला एक वायर जोडायची, ती खाली मीटरपर्यंत आणायची. वरचा माणूस नट पाव फेरा फिरवणार, मी आकडा ओरडून सांगणार. आकडा वाढला म्हणजे समोरच्या ताटलीची नजर सापडत चालली. दोन तास आम्ही शून्याच्या आसपास घुटमळलो. घराच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या, वर बघून म्हणाल्या, “अवं, त्या पोराला खाली घ्या की. सकाळधरनं वानरावाणी लोंबकळतंय, पडंल ना.” वॉकीटॉकीतून पेठ बोलली, “मॅडम, घाई नाही, पण आपली ताटली नक्की पुण्याकडे तोंड करून आहे ना? नाही, सहज विचारलं.” मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

तीनच्या सुमाराला आकडा चढायला लागला. पॉईंट चार. पॉईंट आठ. एक पॉईंट एक. पुढे फिरवलं की उतरायचा, मागे आणलं की परत एक पॉईंट एक. आणि मीटरशेजारच्या रेडिओच्या पेटीतला लाल दिवा जाऊन हिरवा लागला! मी अक्षरशः टाळ्या पिटल्या. कागदावरच्या हिशोबाप्रमाणे आकडा दोनच्या वर हवा होता, हे मला दिसत होतं. पण आमच्या साहेबांना संध्याकाळपर्यंत टॉवर चालू हवा होता, ह्याला गाडी हवी होती, आणि मला दोघंही खूश हवे होते.

“कस नट आणि उतर!” मी ओरडले. “गाडी पकड!”

तो हलला नाही. “हे टेकाड होय म्याडम. डोंगर पल्याड हाये.”

मला कळलं तो काय म्हणतोय ते. ताटलीचा मुख्य झोत एकच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक खोटे झोत असतात. त्यातल्या एकावर माणूस फसतो. आकडा वाढतो, दिवा लागतो, सगळं छान चालल्यासारखं वाटतं, आणि मग जरा वारा सुटला की बोलणी तुटायला लागतात. खरा झोत शोधायचा तर हातात आलेला सोडून पुढे जावं लागतं. आकडा पार मरू द्यावा लागतो.

“अरे, दिवा लागलाय! हा गेला आणि दुसरा सापडलाच नाही तर?”

“काहून घाई करून राहिल्या? सापडते ना.”

आणि त्यानं नट फिरवला. एक पॉईंट एकचं पॉईंट पाच झालं. दिवा पुन्हा लाल. मग शून्य. माझं डोकंच फिरलं. मी त्याला काय काय बोलले! मूर्ख म्हटलं, बहिणीचं वाटोळं करशील म्हटलं. वरून फक्त पान्ह्याचा आवाज. पाव फेरा, शून्य. पाव फेरा, शून्य. साडेतीन झाले, पावणेचार झाले.

मग पॉईंट तीन. मग एक. मग आकडा थांबेचना. दीड, दोन, दोन पॉईंट तीन! पुढे एक केसभर, आणि तिथे तो स्थिर उभा राहिला. मी मान वर करून पेठेच्या दिशेला पाहिलं. मध्ये नुसती धूळ, घारी आणि ऊन. त्या मोकळ्या हवेत कुठेतरी एक वाट होती आणि ह्या माणसानं ती पान्ह्यानं चाचपून काढली होती. वॉकीटॉकीवर पेठ म्हणाली, “वा.” पेठेकडून एवढं म्हणजे खूप झालं.

पण मग पेठेतली ताटलीही तिकडच्या गड्याकडून तशीच पारखून घ्यावी लागली, आणि तोवर ह्याला वरच थांबावं लागलं. तो खाली उतरला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. गाडी गेली होती.

“जाऊ द्या जी,” तो हात पुसत म्हणाला. “असं ढिलं सोडून मले जमलं नसतं.” पण चेहरा उतरला होता. मी टेस्टचा फोन त्याच्यापुढे धरला. नव्या टॉवरवरून कुणाला तरी पहिला फोन करायचाच असतो.

“असं फोनवर विचारतात का म्याडम?”

“मग काय पत्र टाकतोस?”

त्यानं गावातल्या दुकानाचा नंबर लावला. दहा मिनिटांनी करा, बोलावतो, म्हणाले. दहा मिनिटं आम्ही दोघं गच्चीच्या कठड्याशी उभे राहिलो. पुन्हा लावला, तेव्हा फोनवर बहीण होती. असं यंत्र त्यानं कधी कानाला लावलं नव्हतं, तो ते वीतभर लांब धरून बोलत होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

“काका जवळ हायेत?”

“हो. इथंच उभे हायेत.”

“मग तू काही बोलू नको. मी विचारतो त्याले फक्त हो म्हण, नाही तर नाही म्हण. तो पोरगा तुले पसंत हाये का?”

पलीकडून काहीच आलं नाही. माझी नजर सवयीनं मीटरकडे गेली. दोन पॉईंट तीन. आकडा तसूभर हलला नव्हता. आमच्याकडून काही तुटलेलं नव्हतं, ती गप्प होती. ती गप्प होती तेही पेठेवरून, एवढ्या हवेतून, जसंच्या तसं आमच्यापर्यंत येत होतं. तो हॅलो हॅलो न करता नुसता थांबला.

“नाही,” ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले, उघडले.

“बरं,” तो म्हणाला. “काकाले दे फोन.”