आमचा गोलकीपर सोडा

नोकरीत शेकडो चोऱ्यांचे तपास केले. बहुतेक विसरलो. जुन्या साड्या आणि पुठ्ठे चोरीला गेल्याची एक तक्रार मात्र अजून जशीच्या तशी मनात आहे. त्यातली माणसे आजही त्याच वस्तीत राहतात, म्हणून नावे देत नाही.

आमचे घराणे मराठी, पण आजोबा नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि इथलेच झाले. माझा जन्म बालीगंजचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. सेवेच्या शेवटच्या वर्षांत मला दक्षिण कोलकात्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी नेमले. ठाण्याच्या प्रभारीला इथे 'बडोबाबू' म्हणतात. मी रुजू झालो तेव्हा त्या ठाण्याची अब्रू पार गेलेली होती.

ठाण्यामागे रेल्वेच्या रुळांना लागून एक वस्ती आहे. तिथे भाड्याच्या खोल्यांत काही आफ्रिकी फुटबॉलपटू राहत. सामन्यागणिक बिदागी घेऊन कधी या क्लबकडून, कधी त्या क्लबकडून खेळायचे, याला इथे 'खेप' म्हणतात. त्यांच्यातला एक वस्तीच्या क्लबचा गोलकीपर होता. बाजारात कुणाचा तरी मोबाईल हरवला आणि आमच्या एका सब-इन्स्पेक्टरने पहिला काळा माणूस दिसला त्याला धरले. तो हा गोलकीपर. भर रस्त्यात त्याला मारले, लॉकअपमध्ये टाकले. मोबाईल मालकाच्या घरातच गादीखाली सापडला.

वस्ती पेटली. बायाबापड्या ठाण्याच्या दारात ठाण मांडून बसल्या. जुन्या साड्यांवर, चादरींवर, खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर घोषणा रंगवून त्यांनी आमच्या कुंपणावर बांधल्या. गोलकीपर लॉकअपमधून सुटून थेट इस्पितळात दाखल झाला, तरी लोक हलले नाहीत. अखेर सब-इन्स्पेक्टर निलंबित झाला, विभागीय चौकशी लागली, प्रभारीची बदली झाली आणि त्या जागी मी आलो.

ते सगळे फलक एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेने गोळा केले होते. वस्ती त्यांना दिदिमोनी, म्हणजे शाळेच्या बाई, म्हणे. भिजलेल्या साड्या वाळवून, पुठ्ठ्यांना मागून कापड चिकटवून त्यांनी ते क्लबच्या खोलीत एका लोखंडी पेटीत ठेवले. आंदोलनाला वर्ष पूर्ण होताना क्लबच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडायचे ठरले. आणि ऐन तोंडावर पेटी नाहीशी झाली.

दिदिमोनी ठाण्यात आल्या, त्यांच्यामागे अर्धी वस्ती.

"बडोबाबू, चोर शोधायला लांब जायला नको," त्या म्हणाल्या. "ज्यांना ते फलक डोळ्यांसमोर नको होते, ते तुमच्याच इमारतीत बसतात."

"तसं असेल तर त्याच इमारतीतून बेडी घालून बाहेर काढीन. आधी फिर्याद द्या."

मी एफआयआर नोंदवला. साड्या आणि पुठ्ठे, किंमत काय लिहायची, असे हवालदाराने विचारले. "रकाना मोकळा ठेव," मी म्हणालो.

पंचनाम्याला स्वतः गेलो. खोलीचे कुलूप शाबूत होते. किल्ल्या दोन: एक दिदिमोनींकडे, दुसरी सामान ठेवायला खेळाडूंच्या हाती फिरणारी. निलंबित सब-इन्स्पेक्टरला बोलावून घेतले. पेटी गेली तेव्हा तो आजारी वडिलांजवळ गावी होता, याची खात्री करून घेतली. माझे हवालदार एकेक करून समोर उभे केले. चोरी केलेला शिपाई आधी चिडतो आणि मग घाम पुसतो, असा माझा अनुभव. हे सगळे नुसतेच चिडले.

खबर मिळाली ती एका सायकल-व्हॅनवाल्याकडून, म्हणजे तीनचाकी सायकलवर माल वाहणाऱ्याकडून. तो आला आणि बराच वेळ दारातच घुटमळला.

"पेटी मी नेली, बाबू. सियालदहला, दुपारच्या वेळी. पण नाव सांगणार नाही."

"का?"

"तुम्ही त्याला पुन्हा माराल."

'पुन्हा' या एका शब्दात नाव कळले. व्हॅनवाल्याला मी शब्द दिला की कुणी हात लावणार नाही. मग त्याने घर दाखवले.

सियालदहच्या घाऊक बाजारामागे एका जिन्याखालच्या खोलीत गोलकीपरचा मित्र राहायचा. आम्ही साध्या वेशात गेलो. दार गोलकीपरनेच उघडले. उंच, खांद्यांनी चौकट भरून टाकणारा माणूस. पण मला पाहताच त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. कुणी तसे सांगितलेले नव्हते. 

पेटी खाटेखाली होती. आणि तिचे छोटे कुलूप तसेच लावलेले होते. एक दगड मारला असता तर तुटले असते.

ठाण्यात त्याला लॉकअपकडे नेऊ दिले नाही. माझ्या खोलीत बसवले, दार उघडे ठेवले, चहा मागवला. तेवढ्यात एका वरिष्ठांचा फोन आला. त्यांना बातमी लागली होती.

"म्हणजे त्यांच्याच माणसाने चोरली! आपल्यावरचा डाग धुतला गेला. आजच अटक दाखवा, पत्रकार बोलवा."

अटक झाली असती तर त्याचा व्हिसा गेला असता. ज्याला आम्ही मारले, त्यालाच चोर ठरवून आम्ही विमानात बसवले असते. "सर, तपास पूर्ण झालेला नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"पेटी का उचललीस?" मी विचारले.

तो मोडक्या बंगालीत बोलू लागला. "आत माझा फोटो आहे, इस्पितळातला. मोठा. सुजलेलं तोंड, रक्त. तो भिंतीवर लागणार. लोक मोबाईलवर काढतील, पाठवतील. माझी आई बघेल. तिला मी काही सांगितलेलं नाही."

"मग फोटो तेवढा काढायचा."

"कुलूप होतं. दिदिमोनीचं कुलूप मी कसं फोडू?"

मग तो म्हणाला, "कुठे दुखतंय, हे सगळ्यांनी विचारलं. फोटो लावू का, हे कुणीच विचारलं नाही."

मी दिदिमोनींना बोलावले. त्याला पाहून त्या खुर्चीत खिळल्यासारख्या बसल्या. मी त्याचे म्हणणे सांगितले. कनवटीची किल्ली काढून त्यांनी पेटी उघडली आणि एकेक साडी माझ्या टेबलावर पसरू लागल्या.

तेव्हा लक्षात आले की त्या माणसाने हे काहीच पाहिलेले नव्हते. लोक ठाण्यापुढे बसले होते तेव्हा तो आधी लॉकअपमध्ये आणि मग इस्पितळात. तो एकेका ओळीवर बोट ठेवून विचारी, दिदिमोनी वाचून दाखवीत. 'अंगाचा रंग हा गुन्हा नाही.' 'मारणाऱ्याचा गणवेश उतरवा.' एका लाल काठाच्या साडीवर नुसते 'आमचा गोलकीपर सोडा', खाली वेडावाकडा चेंडू. ती साडी त्याच्या घरमालकिणीची होती. भाड्यावरून रोज त्याच्याशी कडाकडा भांडणारी बाई! तो मोठ्याने हसला. मग तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिला.

एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत त्याच्या देशाचे नाव होते. ते वाचून तो म्हणाला, "हा माझा देश नाही. हा शेजारचा."

दिदिमोनी ओशाळल्या. "अरे देवा! रंग आणते, आत्ता बदलते."

"नको, तसंच राहू दे. मी कुठला हेसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं, तरी तुम्ही बसून राहिलात."

सर्वांत खाली फोटो होता. दिदिमोनींनी तो पालथाच त्याच्या हातात दिला. "हा तुझा आहे, बाबा. फाड, ने, ठेव. मी आधीच विचारायला हवं होतं."

त्याने तो न उलटता टेबलावर ठेवला. "चौकशीच्या साहेबांना दाखवा," तो म्हणाला. "भिंतीवर नको."

तसेच झाले. चोरीत अप्रामाणिक हेतू लागतो, तो इथे नव्हता. वस्तुस्थितीच्या गैरसमजातून नोंदलेला गुन्हा, असा अंतिम अहवाल मी पाठवला आणि न्यायालयाने तो मान्य केला. वरिष्ठ काही महिने माझ्याशी मोजकेच बोलले. विभागीय चौकशीत त्या फोटोचा उपयोग झाला आणि सब-इन्स्पेक्टरवर दोष सिद्ध झाला.

प्रदर्शनाला मी गणवेशात गेलो. दारातली माणसे बाजूला सरकली. मग घरमालकिणीने मला हाताला धरून तिची साडी दाखवायला नेले आणि अक्षर कसे आहे म्हणून विचारले. गोलकीपर क्लबच्या जर्सीत दाराशी उभा राहून येणाऱ्यांना आत घेत होता. माझ्या ठाण्यातले काही शिपाईही मागाहून येऊन गेले, कुणी न सांगता.

पोलीस आणि आंदोलक, दोघांनाही पुरावा हवा असतो, आणि दोघेही तो ज्याच्या अंगावर उमटला त्या माणसाला विसरतात, हे मला या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात जबाब संपवताना आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारायचो: यातले काय लोकांसमोर येऊ नये असे तुम्हाला वाटते? उत्तरे साधी असत. घरी गणवेशात येऊ नका. साखळी सापडली तर नवऱ्याच्या हाती देऊ नका, माझ्याच द्या. मुलीचे नाव पुकारू नका. कायद्यात बसेल तेवढे आम्ही करायचो. बहुतेक वेळा ते बसायचे.