दम घ्यायची जागा

माण गावात मी भाड्याने राहते त्या खोलीतून आयटी पार्कच्या काचा दिसतात. दुपारच्या उन्हात त्या पाण्यासारख्या हलतात आणि हेडफोन लावले की मीही कुठेतरी तरंगत असते. लोकांचे आवाज धुऊन काढायचे, हे माझं काम. खोकला, खुर्चीची करकर, सगळं जातं. पडद्यावर आवाजाची नक्षी उमटते, दोन शब्दांमधला श्वास तिच्यात तणासारखा उगवलेला असतो, तोही मी खुरपून टाकते. तासन्‌तास, आनंदाने.

गेल्या लग्नसराईत घरमालकीण काकूंच्या नातीने हट्ट धरला, माझ्या हळदीला डीजे नको, दोन्ही आज्यांचं गाणं हवं. दुसरी आजी म्हणजे काकूंची धाकटी जाऊ, अंगणापलीकडच्या घरातली. सुना होऊन आल्यापासून गावातली हळद या दोघींनी जोडीनेच गायलेली. मग जमीन विकण्यावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं, ते आजतागायत.

"तिच्यासंगं मी बसायची न्हाई," काकूंनी सांगून टाकलं. धाकट्याही काही कमी नव्हत्या. "माजं मी गाते, त्यांचं त्यांनी गावं."

नात रडकुंडीला आली. मला भांडणं सोडवता येत नाहीत, आवाज जोडता येतात. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आणि दोघींचं गाणं वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड केलं.

मग एकीच्या आवाजाखाली दुसरीचा ठेवला, थोडा इकडे तिकडे सरकवला. काकू जिथे थांबल्या होत्या तिथे धाकट्या सुरू होत होत्या. एकटीने गातानाही प्रत्येकीने दुसरीसाठी जागा सोडली होती. मी नुसती बघत बसले.

साफसफाई करून काकूंना ऐकायला बोलावलं. पदरावरून हेडफोन चढवून त्या डोळे मिटून डुलत होत्या. मध्येच डोळे उघडले.

"हितं ती दम घेती. त्यो कुटं गेला?"

"काढला काकू. ऐकायला बरा वाटत नाही."

"घाल परत. पयल्यापासनं ती हितंच दम घेती."

मी परत घातला. लांबलेला, ओढून घेतलेला श्वास, आणि त्याच्या तळाशी बारीक शिट्टी. मी तो पडद्यावर पाहून कापला होता, ऐकला नव्हता. काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. आणि पुन्हा.

"ही धाप कवापासनं लागतीया तिला?"

"मला माहीत नाही, काकू."

"मला कुणी बोललं न्हाई," त्या म्हणाल्या. हेडफोन माझ्या हातात देऊन तशाच अनवाणी निघाल्या. मी खिडकीशी गेले. सावकाश अंगण ओलांडून त्या धाकट्या जावेच्या उंबऱ्याशी थांबल्या, आत मात्र गेल्या नाहीत.

"दवाखान्यात गेलीस का न्हाई गं?"

आतून धाप लागलेल्या आवाजात धाकट्या म्हणाल्या, "आत या की, आक्का."