पहिल्या बाकावरचा धुळाप्पा

वळसंगचा धुळाप्पा ख्रिस्ती होऊन भवानी पेठेत राहायला आला, पण चर्चमधल्या दर महिन्याच्या प्रभुभोजनाला त्याला बाक हवा तो पहिलाच. प्रभूचं रक्त म्हणून द्यायच्या द्राक्षरसाचा प्याला एकच, सगळ्यांच्या ओठांवरून फिरणारा, आणि ह्या गृहस्थाला कुणाचं उष्टं चालत नसे. पापं धुवायला प्रभूचं रक्त चालतं. महारवाड्यातल्या केराबाईचे ओठ लागले की तेच बाटतं!

एका रविवारी पाद्रीबाबांनी मुद्दाम मागच्या बाकापासून सुरुवात केली. केराबाई प्यायली, बाकीचे प्यायले, शेवटी प्याला धुळाप्पापुढं आला.

"घे, पापांची क्षमा होईल," पाद्रीबाबा म्हणाले.

धुळाप्पानं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या, बाबा. ह्या म्हयन्यात माज्या हातनं पापच झालं न्हाय की!"

अख्ख्या मंडळीत निष्पाप असा तो एकटाच निघाला.